केडगावात चेरीचं झाड

कथालेखन शिकवणं हाही पोटापाण्याचा उद्योग असू शकतो, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "जावई काय शिकवतात?" असं कुणी विचारलं की ते "मराठी" एवढंच सांगायचे आणि विषय कांद्याकडं वळवायचे. मराठी म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती यायची. गोष्टी लिहायला शिकवतात म्हटलं असतं, तर लोकांनी त्यांच्या मुलीची काळजीनं चौकशी केली असती.

तरीही नगरच्या एका महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत मी तो उद्योग केला. आठवडाभर व्याकरण आणि संतसाहित्य, आणि शनिवारी कथालेखनाचा वर्ग. कथा लिहायला शिकवता येत नाही असं जाणकार म्हणतात. असेलही. पण वाचता येते, आणि वर्गातल्या कथा वाचणं हे अंगमेहनतीचं काम आहे. विद्यार्थ्यांच्या कथांमध्ये नायकाचं नाव आर्यन असतं. तो पुण्यात काचेच्या भिंतींच्या कॉफीच्या दुकानात बसतो. लिहिणारा पोरगा पारनेरचा नाहीतर पाथर्डीचा असतो आणि कॉफी प्यायली की त्याला मळमळतं, पण आर्यन मात्र तीन तीन कप रिचवतो. शेवटच्या पानावर आर्यनची आई मरते. का मरते हे डॉक्टरलाही कळत नाही. कथा संपवायची असते, एवढंच कारण असतं.

माझ्याकडं एकच हत्यार होतं, पेन्सिल. वाक्याखाली रेघ मारायची आणि समासात लिहायचं, "पाहिलंस का?" बस. पुढचं ज्याचं त्यानं.

भंडारदऱ्याकडचा किसन नावाचा एक विद्यार्थी होता. घरचे लोक धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू लावायचे. त्याच्या सगळ्या कथा लंडनमध्ये घडायच्या. एकदा वर्ग सुटल्यावर बोलता बोलता त्यानं सांगितलं, की सुट्टीत एक गुजराती आजी त्यांच्याकडं उतरली होती. कांदा-लसूण चालत नाही, म्हणून किसनच्या आईनं नवी कोरी भांडी काढली. आजीला मराठी येईना, आईला गुजराती येईना. तरी दोघी चुलीपाशी बसून भाकरी जाड असावी की पातळ यावर तासभर भांडल्या, आणि शेवटी दोघींनी आपापली थापून एकमेकींना खायला लावली.

मी म्हटलं, "अरे, हे लिही की!"

किसन गोंधळून म्हणाला, "हे काय लिहायचं सर? हे तर झालंय."

माझ्या व्यवसायातली सगळी अडचण या एका वाक्यात आली. जे झालं ते कथेत घालायचं नसतं, अशी पोरांची पक्की समजूत असते. किसननं ती गोष्ट लिहिली नाही. आता त्याचं स्वतःचं रिसॉर्ट आहे आणि पाटीवर नाव इंग्रजीत आहे.

पण मला सांगायचंय ते वैष्णवीविषयी, आणि तिच्या आधी आमच्या अध्यक्षांविषयी, कारण सुरुवात त्यांनी केली.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष एका साखर कारखान्याचे संचालकही होते. कुठल्याशा अभ्यासदौऱ्यात ते जपानला जाऊन आले. गेले तेव्हा चांगले होते. आल्यापासून मात्र त्यांचं प्रत्येक वाक्य "जपानमध्ये" या शब्दानं सुरू व्हायला लागलं. जपानमध्ये गाड्या वेळेवर सुटतात. जपानमध्ये हरवलेली छत्री परत मिळते. जपानमध्ये विद्यार्थी स्वतः वर्ग झाडतात. हे शेवटचं त्यांनी ताबडतोब अमलात आणलं आणि आमच्याकडचे दोन शिपाई कमी झाले.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येणार होती. अशा वेळी महाविद्यालयाची अवस्था मुलगी दाखवायचा कार्यक्रम ठरलेल्या घरासारखी होते. भिंतींना रंग लागला, बंद पडलेलं कारंजं उडायला लागलं. समितीला 'आंतरराष्ट्रीय संपर्क' दाखवायचा, असं ठरलं. दिवाळीची सुट्टी संपल्या संपल्या अध्यक्षांनी मला बोलावलं.

"सर, तुमच्या वर्गातल्या प्रत्येक पोरानं एका परदेशी माणसाला भेटायचं. भेटून कथा लिहायची. आपण पुस्तक काढू, 'विश्वसंवाद'. समितीच्या हस्ते प्रकाशन!"

"साहेब, नगरमध्ये एवढे परदेशी आणायचे कुठून?"

"जपानमध्ये असले प्रश्न विचारत नाहीत," ते म्हणाले.

मग नगर शहरात परदेशी माणसाचा शोध सुरू झाला. एकानं आपल्या अपार्टमेंटचा नेपाळी वॉचमन आणला. नेपाळ परदेशात धरायचा की नाही, यावर प्राचार्यांनी बैठक घेतली. थंडीत स्वेटर विकायला येणारे तिबेटी लोक त्यांनी सरळ बाद केले, म्हणाले, "ते दरवर्षीच येतात." एका मुलीचा चुलतभाऊ अमेरिकेत राहत होता. तो व्हिडिओ कॉलवर अर्धा तास फक्त वडापावविषयी बोलला. एका विद्यार्थ्याला आश्रमात आलेला खरा गोरा पाहुणा सापडला, पण त्यानं नेमकं मौन धरलं होतं. तरी त्या विद्यार्थ्याच्या कथेत पाहुण्याची तीन पानी भाषणं होती आणि सगळ्यांचा सूर एकच होता: भारत महान आहे.

वैष्णवीला मात्र अध्यक्षांच्या तोंडात साखर पडावी असं माणूस मिळालं. मी केडगावला राहतो. आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका जपानी इंजिनिअरचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको एमिको. पन्नाशीची, ठेंगणी, हसरी बाई. नवरा दिवसभर कारखान्यात, ही घरात एकटी. तिला मराठी शिकायचं होतं. मी प्राध्यापकी मराठीत दोन धडे दिल्यावर तिनं नम्रपणे तिसरा टाळला. म्हणून मी वैष्णवीची गाठ घालून दिली.

वैष्णवी जामखेड तालुक्यातली. कॉलेजच्या होस्टेलवर राहायची. जाड भिंगांचा चष्मा, थोडं बोलणं, आणि लिहिताना मात्र पान पुरायचं नाही. वडील काय करतात विचारलं तर "शेती आणि ट्रान्सपोर्ट" असं सांगायची. ती रविवारी एमिकोबाईंकडं जायला लागली. महिनाभरात तिची कथा आली.

कथेचं नाव 'चेरीच्या सावलीत'. तिच्यातली जपानी बाई पहाटे उठून ध्यान करते. एक मिनिटही उशीर करत नाही. कमरेत वाकल्याशिवाय कुणाशी बोलत नाही. तिच्या केडगावच्या दारात चेरीचं झाड आहे, त्याला फुलं येतात, आणि त्या फुलांखाली बसून ती मायदेशाच्या आठवणीनं नि:शब्द रडते. शेवटी एक भारतीय मुलगी तिला कुंकू लावते आणि तिचं रडणं थांबतं.

खरी एमिकोबाई मला माहीत होती. तिला सकाळी दहाच्या आत जाग यायची नाही. गॅस सिलिंडरवाला तिच्या दारावर थापा मारून शेवटी माझ्याकडं यायचा. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, "पाहिलंस का?"

वैष्णवी म्हणाली, "सर, जपानी माणसं अशीच असतात. मोबाईलवर किती येतं त्यांच्याविषयी."

"मग त्यांनाच वाचून दाखव," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वर गेलो. वैष्णवी एकेक वाक्य वाचायची आणि मोबाईल ते जपानीत बोलून दाखवायचा. एमिकोबाई आधी गंभीर होती. चेरीचं झाड आलं तशी ती उठली, खिडकीपाशी गेली आणि खाली वाकून बघायला लागली.

"कुठं आहे?" तिनं विचारलं.

खाली बोगनवेल होती आणि तिच्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

"आणि मी रडते का?" एमिकोबाई म्हणाली. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळं आमचं छान जमायचं. "मला इथं मजा वाटते. नवऱ्याची आई तिकडं आहे, मी इकडं आहे. मी कशाला रडू?"

वैष्णवीचा चेहरा उतरला. "कथेत चेरी बरी दिसते," ती पुटपुटली.

एमिकोबाईला तिची दया आली असावी. ती म्हणाली, "मी पण लिहिते. आमच्या गावात बायकांचं एक छोटं मासिक निघतं. त्यात मी तुझ्यावर गोष्ट दिलीय. ऐक." आणि तिनं आपल्या मोबाईलवरची गोष्ट मराठीत बोलायला लावली.

यंत्राचा आवाज एकसुरी. तो बोलायला लागला: "वैष्णवी ही गरीब भारतीय मुलगी आहे. ती अनवाणी येते. तिच्या मोठ्या डोळ्यांत हजारो वर्षांचे दुःख आहे. तिचे आईवडील गोड गवत कापतात. अर्धे वर्ष ते गोड गवताच्या शेतात राहतात. मुलगी एकटी चंद्राकडे बघते."

गोड गवत म्हणजे काय, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मग कळलं. वैष्णवीचे आईवडील ऊसतोडीला जात होते. शेती असेल थोडी, आणि ट्रान्सपोर्ट म्हणजे मुकादमाचा ट्रक, ज्यात सगळं कुटुंब बसून कारखान्याच्या भागात जातं. दिवाळी झाली की जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. तीन वर्षं ती माझ्या वर्गात होती. होस्टेलवरही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते या परक्या बाईला, कारण परक्या बाईच्या नजरेतून आपण उतरू अशी भीती नव्हती.

वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग एकदम तिचा पारा चढला, आणि चढला तो जामखेडच्या भाषेत.

"अनवाणी? मी अनवाणी येते? माझे बूट दारात काढलेत की मी! नवे हायेत! तुमच्या घरात चप्पल घालून येऊ का?"

मोबाईलनं ते भाषांतर केलं. एमिकोबाई म्हणाली, "आमच्याकडंही दारातच काढतात. पण गोष्टीत अनवाणी बरं दिसतं."

"आन डोळ्यात दुःख? मला चष्मा हाय, भिंगानं डोळे मोठे दिसत्यात! कामून लिहिलं असलं? मी कवा चंद्राकडं बघत बसले? मला होस्टेलात साडेनऊला दार लावून घेत्यात!"

एमिकोबाईनं हे सगळं यंत्राकडून शांतपणे ऐकलं. मग तिला हसू फुटलं. ती हसत हसत वैष्णवीची वही पुढं ओढून 'चेरी' या शब्दावर बोट ठेवायची आणि मग स्वतःच्या मोबाईलवर बोट ठेवायची. वैष्णवीनं हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते तिला जमलं नाही. मी मात्र जन्मात पहिल्यांदा पेन्सिल न काढता कथालेखनाचा तास पाहिला.

जिना उतरताना वैष्णवी म्हणाली, "सर, होस्टेलवर सांगू नका."

"नाही सांगणार."

"त्यांनी माझ्याविषयी लिहिलं तर मला इतका राग आला. मी त्यांच्याविषयी तसंच लिहिलं हुतं." ती खालच्या पायरीवर थांबली. "आन मी तर आयविषयी काहीच लिहीत नाही. माझ्या कथेत आय मरती, नाहीतर नसतीच."

एमिकोबाईला आता चूक सुधारायची घाई झाली. उसाचा फड स्वतः बघितल्याशिवाय पुढं एक ओळ लिहायची नाही, असं तिनं जाहीर केलं. वैष्णवीनं बरेच दिवस टोलवलं. शेवटी एका रविवारी एमिकोबाईच्या नवऱ्याच्या गाडीतून आम्ही राहुरीच्या पलीकडं, वैष्णवीच्या आईवडिलांचा तळ पडला होता तिथं गेलो. सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. एमिकोबाई साडेदहाला खाली आली.

फडाच्या कडेला कोपींची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांची, रांग होती. वैष्णवीचे वडील गाडी भरायला गेले होते. आई मोळ्या बांधत होती. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. लेकीबरोबर असली पाहुणी पाहून ती आधी गांगरली, मग तिनं पदराऐवजी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि चुलीवर चहा ठेवला. एमिकोबाईला आपला दुधाचा चहा अजिबात आवडत नाही. तिनं तो दोनदा घेतला.

मी मनात घाबरलो होतो, की आता ही बाई विचारणार, तुम्हाला किती कष्ट पडतात, वगैरे. पण तिला तोंड उघडायला मिळालंच नाही. प्रश्न आईनंच विचारले.

"बाईला पोरं किती? सासू जवळ असती का?"

सासू समुद्रापलीकडं असल्याचं कळल्यावर आईनं कौतुकानं मान हलवली. "सुखी हाय बाई."

मग तिनं विचारलं, "हिच्याकडं ऊस असतो का? कोन तोडतं?"

एमिकोबाईनं सांगितलं, की दक्षिणेकडच्या बेटांवर असतो. आता पुष्कळ ठिकाणी यंत्र तोडतं.

"मग मानसं काय करत्यात?"

वैष्णवीनं प्रश्न मोबाईलला सांगितला, मोबाईलनं एमिकोबाईला सांगितला. मग ती दोनच शब्द बोलली. यंत्रानं त्याचं मराठी केलं:

"म्हातारी होतात."

आई हसली नाही. मोळीवर बसत म्हणाली, "आमची कंबर त्याच्या आधीच जाती." आणि मग दोघी आपापली कंबर कुठं दुखते ते एकमेकींना दाखवायला लागल्या. तिथं मोबाईलची गरज पडली नाही.

आठ दिवसांनी तिनं नवी कथा आणून दिली. नाव होतं 'गोड गवत'. त्यात एक परदेशी बाई आणि एक कॉलेजची मुलगी एकमेकींविषयी खोट्या गोष्टी रचत असतात आणि दोघींनाही त्या खोट्या गोष्टी खऱ्यापेक्षा जास्त आवडतात. त्यात एक आई होती. ती मरत नव्हती. चहा करत होती, चौकशा करत होती, आणि लेकीला सगळ्यांसमोर विचारत होती, "कालिजात सांगितलंस का, आमी कुठं हाय ते? का आमाला गावालाच ठिवलंस?" हे आई आमच्या माघारी खरंच बोलली होती का, हे मी वैष्णवीला विचारलं नाही. पेन्सिल खिशातच ठेवली.

कथा प्राचार्यांकडून अध्यक्षांकडं गेली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

"सर, कथा झकास आहे," अध्यक्ष म्हणाले. "जपान आहे, भावना आहे. फक्त ते ऊसतोडीचं काढा. समितीबरोबर कारखान्याची मंडळी स्टेजवर असणार. कोपी, कंबर, हे कशाला? आईवडील 'कृषी क्षेत्रात कार्यरत' असं म्हणा."

प्राचार्यांनी लगेच सुधारणा सुचवली, "स्थलांतरित कृषी उद्योजक."

"उत्तम!" अध्यक्ष खूश झाले. "आणि शेवटी मुलगी कलेक्टर व्हायची शपथ घेते, बाई तिला ओवाळते. जपानमध्ये कथांचा शेवट सकारात्मक असतो."

मी वैष्णवीला निरोप दिला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मग राहू द्या सर. छापूच नका," एवढंच म्हणाली. मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं, की लेखिका बदल करायला तयार नाही आणि संपादक म्हणून मीही करणार नाही. ते माझ्यावर चिडलेसुद्धा नाहीत. रिकाम्या झालेल्या पानांवर त्यांनी स्वतःचा 'मी पाहिलेला जपान' हा लेख टाकला. त्यात बुलेट ट्रेनबरोबरचा त्यांचा फोटो होता. ट्रेन जरा मागं होती.

समिती आली. सभागृहात कारखान्याची मंडळी, समितीचे सदस्य, फेटे, हार. एमिकोबाईला जपानची प्रतिनिधी म्हणून मध्यभागी बसवलं होतं. तिच्या नवऱ्याला सुप्याहून सुट्टी न मिळाल्यानं तो वाचला होता. प्राचार्यांनी तिला बोलायला तीन वाक्यं रोमन लिपीत लिहून दिली होती: नमस्कार, मला भारतीय संस्कृती आवडते, धन्यवाद. पुस्तकाचं प्रकाशन झालं. अध्यक्ष जपानवर बोलायला उभे राहिले. ते वक्तशीरपणाविषयी इतका वेळ बोलले, की समितीच्या जेवणाची वेळ टळून गेली. मग त्यांनी एमिकोबाईला माईक दिला.

तिनं कमरेत वाकून नमस्कार केला. अध्यक्षांचा चेहरा उजळला. तिनं हातातला कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि माईक तोंडाजवळ धरला.

"अध्यक्षसायेब," ती सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "तुमी लई बोलला. पुस्तकात वैष्णवी न्हाई. कामून न्हाई? तिची गोष्ट लई भारी हाय. ती आता वाचंल. मला ऐकायचं हाय."

मी दिलेले दोन धडे पूर्ण वाया गेले होते. मागच्या बाकांवरून जी आरोळी उठली, ती बाहेरच्या कारंज्यापर्यंत गेली असेल. समितीच्या अध्यक्षबाई लातूरकडच्या होत्या. आपल्याकडची बोली जपानी बाईच्या तोंडून ऐकून त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "बोलवा की त्या मुलीला."

वैष्णवी कथेचे कागद घेऊन स्टेजवर आली. मी पहिल्या रांगेत होतो. तिला आता वाटलं असतं तर तिनं दोन ओळी गाळल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता. तिनं वाचायला सुरुवात करायच्या आधी चष्मा पुसला आणि म्हणाली, "कथेतले आईवडील ऊसतोड करतात. माझेही करतात. सध्या राहुरीकडं आहेत." मग तिनं कथा वाचली, सगळी, आईच्या त्या प्रश्नासकट.

कथा संपली. कारखान्याच्या मंडळींनी अध्यक्षांकडं पाहिलं, अध्यक्षांनी समितीकडं पाहिलं. समितीच्या अध्यक्षबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मग आमच्या अध्यक्षांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत ही सगळी त्यांचीच कल्पना होती असं गावात पसरलं होतं, आणि पुढच्या सभेत त्यांनी ते जपानमध्ये कुठं सुचलं तेही सांगितलं. समितीच्या अहवालात आमच्या आंतरराष्ट्रीय संपर्काचं कौतुक आलं. सुधारणेच्या सदरात एकच सूचना होती: परदेशी पाहुण्यांना प्रमाण मराठी शिकवण्याची सोय करावी. ती मी मनाला लावून घेतली नाही.

एमिकोबाई त्या उन्हाळ्यात परत गेली. 'विश्वसंवाद'चे गठ्ठे ग्रंथालयाच्या माळ्यावर आहेत. वैष्णवी आता जामखेडला एका शाळेत शिकवते, लिहिते, आणि तिच्या दोन कथा चांगल्या दिवाळी अंकांत येऊन गेल्या. त्या वर्षानंतर मला पेन्सिल चालवायची संधी मिळाली नाही, याची हळहळ वाटते. हात नुकता कुठं बसायला लागला होता.

पण समिती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. सकाळी होस्टेलच्या मेसमध्ये वैष्णवी नाश्त्याला गेली ती दारातूनच कानोसा घेत. कोण काय म्हणेल, कोण ताट उचलून दुसरीकडं बसेल. तिच्याशेजारी पाथर्डीची एक मुलगी येऊन बसली, कॉमर्सची, फारशी ओळख नसलेली. ती खाली मान घालून पोहे खात खात म्हणाली, "माझे पण तोडायलाच आहेत. कोपरगावकडं." पलीकडच्या टेबलावरची एक वळली. तिचे सांगलीकडं होते. मग आणखी एक. एकाच छपराखाली वर्षानुवर्षं राहून या पोरींनी एकमेकींना शेती, ट्रान्सपोर्ट आणि किराणा दुकान सांगितलं होतं.

त्या शनिवारी माझ्या वर्गात खुर्च्या कमी पडल्या. कॉमर्सच्या आल्या, सायन्सच्या आल्या. आर्यनचं नावही कुणी काढलं नाही. पाथर्डीच्या मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, घरच्यांविषयी लिहायचं तर त्यांना विचारायला लागतं का?"

मी वैष्णवीकडं पाहिलं.

"विचारून काय," वैष्णवी म्हणाली, "लिहून ऐकवायचं. मग घरचे भांडतात, असं नव्हतं, तसं हुतं म्हणून. ते ऐकायचं."

"पण मला काहीच माहीत नाही," ती मुलगी म्हणाली. "आई तिकडं दिवसभर काय करते, मी कधी विचारलंच नाही."

असं म्हणून ती उठली आणि मोबाईल घेऊन व्हरांड्यात गेली. फोन बराच वेळ लागत नव्हता. मग लागला.

"आये," तिचा आवाज आला, "कामात हायेस का? न्हाई, पैसे नकोत. काही झालं न्हाई. उगच केला. सांग की, आज काय काय केलंस?"